उणं रक्त

१

गुन्हा असा होता की औषधाला गुण आला होता.

हसू नका. आमची भाची भर दुपारी दारात येऊन उभी राहिली, तोंड एवढंसं झालेलं, आणि पाणीसुद्धा न घेता म्हणाली, “आत्या, फार वाईट झालंय. आमचं औषध चालतंय.”

तिची आत्या म्हणजे आमची ही. हिनं उभी नोकरी विमा कंपनीत काढली, खोटे दावे पकडण्यात. जळून गेलेल्या गोदामाची राख नुसती हुंगून तिनं सांगितलं होतं की ह्यात कापूस नव्हता, जुनी वर्तमानपत्रं होती, आणि तीही रविवारची. मेलेल्या म्हणून जाहीर झालेल्या एका गृहस्थाला तिनं त्याच्याच शोकसभेत टाळ्या वाजवताना धरलं. ह्यातलं निम्मं मी वाढवून सांगतो असं तिचं म्हणणं आहे. कोणतं निम्मं, ते ती सांगत नाही.

“चालतंय तर रडतेस कशाला?” हिनं विचारलं.

“कारण ते इतकं चालायला नको.”

भाची एका लॅबमध्ये संशोधन करते. माणसाच्या रक्तात जंतू भिनले की शरीर त्यांच्यावर तुटून पडतं, आणि कधी कधी असं चवताळतं की जंतू राहतात बाजूला, घराचीच मोडतोड सुरू होते. रक्तातली काही विकरं कात्र्यांसारखी कराकरा चालत सुटतात, बारीक नसांत गुठळ्या धरतात, रक्तदाब कोसळतो आणि काल हिंडता फिरता असलेला माणूस हातातून जातो. ह्याला सेप्टिक शॉक म्हणतात. भाचीच्या लॅबमधलं औषध म्हणजे त्या कात्रीच्या तोंडात घालायची पाचर. विकर-रोधक. मी कित्येक दिवस ते ‘विकार-रोधक’ ऐकत होतो आणि माझ्या एकेका विकाराची नावं मनात घोळवत होतो.

“नव्या खेपेचं औषध आलंय,” भाची सांगू लागली. “त्याची मात्रा ठरवायची होती. लहान, मधली की मोठी. नॉर्मल माणसाचा प्लाझ्मा नळीत घ्यायचा, म्हणजे रक्तातलं ते पिवळं पाणी. त्यात औषध टाकायचं, मग गोठवणारा थेंब टाकायचा आणि बघायचं. औषध लागू पडलं तर नळी गोठत नाही. आजवर लहान मात्रेनं कधीच काही झालं नव्हतं. ह्या वेळी लहान मात्रेतच नळी पाण्यासारखी राहिली. सगळे नाचले. सोमवारी पलीकडच्या रुग्णालयात पहिल्या पेशंटांना ती लहान मात्रा देणार आहेत.”

“आणि तू नाचली नाहीस.”

“मी सगळे गेल्यावर एक नळी औषध न घालताच लावून बघितली. आत्या, तीसुद्धा गोठेना. औषध चांगलं नाही झालेलं. आमचा नॉर्मल नॉर्मल राहिलेला नाही.”

२

लॅब म्हणजे मला वाटलं होतं धूर, बुडबुडे, हिरव्या पाण्याच्या बरण्या. तिथं होती लांब टेबलं, पांढरे उजेड आणि एक माणसाएवढं शीतकपाट. त्याचं दार उघडलं की आतून ढग बाहेर यायचे. मी डोकं आत घातलं तर माझी मिशी कडक झाली. खोटं वाटत असेल तर हिला विचारा. नको, विचारू नका.

भाचीनं जाड हातमोजे घालून एक डबा काढला. आत करंगळीएवढ्या नळ्या, प्रत्येकीच्या झाकणावर निळ्या शाईत एक ‘न’.

“न म्हणजे नॉर्मल. उरलेल्या नळ्या मोजल्या, एकही गेलेली नाही,” ती म्हणाली. “फक्त आतलं ते नाही.”

हिनं चष्मा कपाळावर चढवला आणि झाकणं नाकाशी धरली. खोट्या सह्या ओळखण्यात तिची हयात गेली.

“हे अक्षर कुणाचं?”

“बाईंचं. आमच्या जुन्या तंत्रज्ञ. सगळी झाकणं त्याच लिहायच्या.”

“हे त्यांचं नाही. त्यांच्यासारखं आहे. बघ, ह्या दोन नळ्यांवरचे न जरासुद्धा वेगळे नाहीत. स्वतःचं अक्षर माणूस इतकं एकसारखं काढत नाही. कुणीतरी गिरवलंय. पण गंमत सांगू? नक्कल करणारा घाईत असतो. ह्यानं घाई केलेली नाही. ह्यानं जीव लावून काढलंय.”

“चोर शाळेत सुलेखनात पहिला येत असेल,” मी म्हणालो.

“अहो, तुम्ही दार लावा, थंडी बाहेर येतेय.” मग भाचीकडे वळून, “ह्या कपाटाला हात कुणाकुणाचा लागतो?”

“माझा, सरांचा आणि नव्या तंत्रज्ञाचा. औषध कंपनीचे एक साहेब येतात, ते परवानगीनं.”

“आणि मूळच्या खऱ्या नळ्यांत रक्त कुणाचं होतं? तुमचा हा नॉर्मल माणूस कोण? त्याला भेटायला हवं.”

भाचीनं डबा हळूच परत ठेवला. ढग तिच्या हातांवरून खाली उतरले.

“त्याही बाईच, आत्या. वर्षानुवर्षं आम्ही त्यांचाच प्लाझ्मा वापरतोय. आमचं सगळं मोजमाप त्यांच्यावर उभं आहे. गेल्या वर्षी बाई वारल्या. दाढ काढली, जबड्यात पू झाला, तो रक्तात गेला.” तिनं कपाटाचं दार लावलं. “ह्याच शॉकनं गेल्या.”

३

भाची सोडून बाकी तिघांशी बोलायचं हिनं ठरवलं. संस्थेला काही कळू नये म्हणून ‘लॅबच्या विम्याची पाहणी’ असं सांगितलं. विमा म्हटलं की माणसं आपोआप प्रामाणिक दिसायचा प्रयत्न करतात, आणि तिथंच सापडतात.

नवा तंत्रज्ञ सतत शीळ घालायचा, म्हणून मी त्याचं नाव शिट्टी ठेवलं. काचेच्या नळ्या पुसत पुसत तो आला.

“नळ्या तूच काढतोस ना रोज?”

“मीच काढतो, आत्या. पण बिघडवेन कशाला? अजून माझं ओळखपत्रसुद्धा छापून आलेलं नाही. बिनओळखीचाच हाकलतील.” तेवढ्यात हातातली एक नळी फुटली, बोटाला काच लागली. त्यानं बोट तोंडात घातलं, कोटाला पुसलं, आणि बोलता बोलता शीळ पुन्हा सुरू. बोट कोरडं.

“बाईंना ओळखत होतास?”

“नाही हो. पण त्या आहेतच की अजून. पिपेट उलटं ठेवलं की सगळे एका सुरात ओरडतात, बाई असत्या तर!”

मग आले कंपनीचे साहेब. टायवाला म्हणू. टाय इतका घट्ट की आवाज वरच्या मजल्यावरून यायचा.

“आजी, आमची नवी खेप जोरदार आहे, एवढंच झालंय,” तो म्हणाला. “चांगलं झालेलं लोकांना बघवत नाही.”

“आजी तुमच्या घरी. लहान मात्रा चालली तर तुमचा फायदा किती?”

“फायदा? अहो, थोडक्या औषधात जास्त पेशंट. त्यात पाप आहे का?”

“नॉर्मलच्या नळ्यांत तुमच्याच औषधाचा थेंब टाकला तर कुठलीही मात्रा चालेल.”

टायवाल्याचा चेहरा टायच्या रंगाचा झाला. “मी त्या कपाटाजवळ गेलो की मला शिंका येतात. विचारा कुणालाही. चोर शिंकत चोरी करतो का?”

मला तर तोच पटला. चोर म्हणून, म्हणजे. अशी माणसं गोष्टीत चोरच असतात.

शेवटी आम्ही सरांच्या खोलीत गेलो. लॅबचे प्रमुख. उंच, वाकलेले, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद, एवढ्या उकाड्यात. हनुवटीवर कापसाचा बोळा, त्याला लाल टिपका. दुपार कलली होती तरी टिपका ओलाच. हा माणूस पाव कापायच्या सुरीनं दाढी करतो की काय, मी मनात म्हटलं. माझ्याही हनुवटीवर त्या दिवशी कापूस होता म्हणा. पण माझी गोष्ट निराळी, मला आरसाच नीट दिसत नाही.

“नळ्या बदलल्यात असं तुमच्या विद्यार्थिनीला वाटतं,” ही म्हणाली.

“हुशार आहे ती.” सर खिडकीबाहेर बघत होते. खाली अंगण होतं, त्याच्या पलीकडे रुग्णालय. “असलं काही चुकलं तर बाई एका नजरेत सांगतात. म्हणजे... सांगायच्या.”

“तुम्हाला कुणाचा संशय?”

“कुणाचाच नाही,” ते म्हणाले. मग अगदी हळू, “सोमवार जवळ आलाय, नाही?”

४

“काहीतरी घातलंय की काहीतरी कमी आहे?” लॅबच्या दाराशी हिनं भाचीला विचारलं.

“म्हणजे?”

“चहा बेचव झाला तर दोनच गोष्टी असतात. कुणीतरी नको ते त्यात टाकलंय, नाहीतर साखर कमी पडलीय. तुझी नळी गोठत नाही. औषध टाकलंय म्हणून, की रक्तातच काही उणं आहे म्हणून? सांगता येईल?”

भाचीनं कपाळावर हात मारून घेतला. “सांगता येईल! अर्धा हा प्लाझ्मा आणि अर्धा ताजा, चांगला. ह्यात रोधक टाकलेला असेल तर तो ताज्यालाही गोठू देणार नाही. आणि नुसतं उणं असेल तर ताजा ते भरून काढेल.”

ताजं रक्त तिनं स्वतःचंच द्यायचं ठरवलं. बाही वर केली. शिट्टी सुई घेऊन आला आणि एका दमात म्हणाला, “ताप? जखम? गोळ्या वगैरे काही चालू?”

“नाही, नाही, नाही.”

“हे काय रे?” हिचे कान टवकारले.

“विचारावंच लागतं, आत्या. बाईंची शिस्त. कुणाचंही रक्त घ्यायचं तर आधी हे तीन प्रश्न. लॅबमध्ये प्रत्येकाला विचारायचं, साहेब असो की झाडूवाला.”

यंत्र फिरलं, रक्त खाली बसलं, वर पिवळं पाणी राहिलं. भाचीनं दोन्ही अर्धे एकत्र केले, थेंब टाकला, नळी तिरकी केली. आम्ही चौघं त्या एवढ्याशा काचेवर वाकलो होतो. माझा श्वास अडकला होता. हिनं मला कोपरानं ढोसून तो चालू केला.

नळीतलं पाणी हललं. मग हलायचं थांबलं. भाचीनं नळी उलटी धरली. थेंबसुद्धा पडला नाही.

“गोठली,” ती म्हणाली. “म्हणजे औषध टाकलेलं नाही. कंपनीचे साहेब सुटले.”

“शिंकू दे त्याला सुखानं. मग उणं काय आहे?”

“असं उणं दोन-तीन कारणांनी येतं. यकृत बिघडलेलं असलं तर. किंवा...” भाची बोलता बोलता थांबली. “किंवा माणूस रक्त पातळ व्हायची गोळी घेत असला तर.”

ही सावकाश माझ्याकडे वळली. बायको लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्याच्या तोंडाकडे असं निरखून बघते तेव्हा दोनच शक्यता असतात, आणि दोन्ही वाईट.

“अहो,” ती म्हणाली, “तुमच्या हनुवटीवरचा हा कापूस सकाळपासून आहे ना?”

“तुलाच ठाऊक, त्या गोळ्या सुरू झाल्यापासून माझं रक्त...”

आणि मीच गप्प झालो.

५

हिनं लगेच वर जाऊन कुणाला धरलं नाही. ती परत शीतकपाटापाशी आली.

“हा चोर कसा आहे बघ,” भाचीला म्हणाली. “नळ्या नेल्या, पण जागा रिकामी सोडली नाही. म्हणजे काम बंद पडू नये असं त्याला वाटतं. स्वतःचं रक्त काढून ठेवलं. म्हणजे फसवायचं नव्हतं, भरपाई करायची होती. अक्षर जीव लावून गिरवलं. हा औषधावर टपलेला माणूस नव्हे. ह्याला फक्त त्या नळ्या हव्या होत्या.”

“पण कशाला? नुसता प्लाझ्मा! बाजारात त्याला कुणी विचारणार नाही.”

“त्या नळ्या घरी नेता येतील?”

“छे. घरच्या फ्रिजमध्ये चार दिवसांत नासतील.”

“मग त्या इथंच आहेत. ह्या कपाटात असा कोणता डबा आहे ज्याला कुणी कधी हात लावत नाही?”

भाचीनं वरच्या कप्प्याकडे बोट दाखवलं. “तो. सरांचं अगदी पहिलं औषध. एकही उंदीर वाचला नव्हता. टाकून देऊ म्हटलं की सर म्हणतात, राहू दे.” तिनं हात वर केला.

“तू नको,” ही म्हणाली. “ज्याचा आहे तो काढेल.”

तोवर सर दाराशी येऊन उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक. त्यांनी काही विचारलं नाही. कोटाची बाही काढली, शर्टाचं बटण सोडलं, बाही वर सारली. कोपराच्या आत हिरवा-निळा डाग, तळव्याएवढा पसरलेला.

“स्वतःची सुई स्वतःला नीट टोचता येत नाही,” ते म्हणाले. “बाईंना माझी सुई दुखायची नाही. दर काही महिन्यांनी त्या बाही वर करून माझ्यासमोर बसायच्या. रक्त मीच काढायचो. त्यांचा हात हातात यायचा तो तेवढाच. मी शीर सापडत नाही असं दाखवायचो, जरा जास्त वेळ. त्यांना सगळं कळायचं. ‘सर, शीर तिथंच आहे हो,’ म्हणायच्या, आणि हात मात्र काढून घ्यायच्या नाहीत.”

शिट्टीची शीळ केव्हाच बंद पडली होती.

“बोलला नाहीत कधी?” हिनं विचारलं.

“बोलायचं म्हणून निवृत्तीची वाट बघत होतो. आधी त्यांची, मग माझी.” सर हसले, पण ते हसू कुठंच पोचलं नाही. “आणि मग ती दाढ. बाई त्या समोरच्या इमारतीत होत्या, औषध ह्या कपाटात. मधे एवढंसं अंगण. मला ते ओलांडता येईना. माणसाला द्यायची परवानगी नव्हती. किती द्यायचं तेच माहीत नव्हतं. थोडं दिलं तर पाणी, जास्त दिलं तर रक्तस्राव. मी खिडकीत उभा होतो.”

“आणि नळ्या?”

“प्रत्येक प्रयोगाला त्यातली एक जायची. डब्याचा तळ दिसायला लागला. सगळे म्हणायचे, नॉर्मल संपत आला. मला ऐकवेना. रोज थोड्या थोड्या त्या संपत होत्या आणि संपवणारा मीच. म्हणून हलवल्या. त्यांच्या जागी दुसऱ्या कुणाचं रक्त ठेवायला मन धजेना, म्हणून माझं ठेवलं.”

“आणि गोळी?” भाची न राहवून म्हणाली. “सर, आयुष्यभर तुम्ही रक्त गोठण्यावरच काम केलंत!”

“बाई गेल्यावर माझ्या हृदयाचा ठेका चुकायला लागला. डॉक्टरांनी गोळी सुरू केली. ती घ्यायची सवय झाली, पण मी पेशंट आहे हे काही अंगवळणी पडलं नव्हतं. आपण नॉर्मल आहोत असंच धरून चाललो. रक्त देणाऱ्याला ते तीन प्रश्न विचारणाऱ्या बाईच. मला विचारायला कुणी नव्हतं. लहान मात्रा चालली तेव्हा मी वेड्यासारखा खूश झालो हो. मग दाढी करताना कापलं, रक्त थांबेना, आणि आरशासमोर उभ्या उभ्या उलगडा झाला. तेव्हापासून रोज सांगायला म्हणून उठतो, आणि परत बसतो. सांगितलं तर त्या नळ्या परत द्याव्या लागतील.”

“दुसऱ्या कुणाचं रक्त नाही का चालणार?” मी मधेच म्हणालो. मला आवडला होता हो तो माणूस.

“नाही, काका,” भाचीनं मान हलवली. “आजवरचं सगळं बाईंशी ताडून पाहिलेलं आहे. नवा नॉर्मल घेतला तर पहिल्यापासून सुरुवात. तोवर पलीकडे माणसं येतच राहणार.”

ही पुढं झाली. खोटे दावे पकडताना तिचा आवाज कसा असायचा ते मला ठाऊक आहे. हा तो आवाज नव्हता.

“त्या वेळी किती द्यायचं ते माहीत नव्हतं म्हणता,” ती म्हणाली. “सोमवारी त्या खाटेवर कुणीतरी असेल. खिडकीत त्याचंही कुणी उभं असेल. किती द्यायचं, ते बाईंना विचारूनच कळणार आहे.”

सरांनी हातमोजे घातले आणि वरच्या कप्प्याकडे हात नेला.

६

दुसऱ्या दिवशी उन्हं लॅबच्या टेबलावर आली तेव्हा काम चालू होतं. टायवाल्यालाही बोलावलं होतं. तो लांब उभा राहून शिंकत होता, म्हणजे ते तरी खरं होतं.

सरांनी काल संध्याकाळीच रुग्णालयाला सगळं सांगून टाकलं होतं, आपल्या नावासकट. चौकशी होणार होती. ते सांगताना त्यांचा आवाज हलला नव्हता. डबा समोर आला तेव्हा मात्र त्यांनी टेबलाची कड धरली.

औषध न घातलेली बाईंची नळी भाचीनं तिरकी केली. ठरल्या वेळेला, शहाण्यासारखी, ती गोठली.

“बाई जागेवर आहेत,” शिट्टी पुटपुटला आणि जीभ चावली. सरांनी मान डोलावली.

लहान मात्रा घातली, नळी गोठली. टायवाल्यानं नाक पुसलं आणि टाय सैल केला. मधली मात्रा, उशिरा, पण तीही गोठली. मोठी मात्रा. भाचीनं नळी हलवली. पिवळं पाणी इकडून तिकडे लवलवलं आणि लवलवतच राहिलं. पाचर बसली होती.

“मोठी,” टायवाला म्हणाला. आवाज पहिल्यांदाच खालच्या मजल्यावर आला होता. “लहान दिली असती तर आपण लोकांच्या नसांत पाणी सोडलं असतं. आजी... ताई, मी आभारी आहे.”

पण नियम असा की शेवटचा आकडा एकदा पाहून भागत नाही, तीनदा ताडून पाहावा लागतो. भाचीनं डब्यात बघितलं. पुन्हा केलं. पुन्हा मोठीच. आता एकदाच राहिलं होतं, आणि डब्यात नळीही एकच राहिली होती.

भाची ती उचलेना.

“सर, दोनदा सारखंच आलंय,” ती म्हणाली. “मी तेवढंच लिहिते. कुणी काही म्हणणार नाही. ही राहू दे.”

मी हिच्याकडे पाहिलं. जिनं शोकसभेत टाळ्या वाजवणारा मेलेला माणूस पकडला ती बाई भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मोठ्या बारकाईनं तपासत होती. घड्याळ बंद होतं.

सरांनीच नळी उचलली. वितळवायला कोमट पाण्याचं भांडं शेजारी तयार होतं, त्यात नळी ठेवायचं स्टँडही मांडलेलं होतं. त्यांनी हातमोजा काढला. नळी उघड्या तळव्यावर घेतली आणि मूठ मिटली. ती गार इतकी की कातडीला चिकटते, भाची “सर!” म्हणून पुढं झाली. त्यांनी दुसऱ्या हातानं तिला थांबवलं. मूठ छातीशी धरली, डोळे मिटले. मी जवळच होतो, म्हणून ऐकू आलं.

“चल गं,” ते म्हणाले.

टायवाल्याची शिंक आली होती, ती त्यानं कशी गिळली त्याचं त्यालाच माहीत.

मूठ उघडली तेव्हा तळवा लालभडक झाला होता आणि नळीत बर्फाचा कणही उरला नव्हता. नुसतं पिवळं, स्वच्छ पाणी. त्यांनी ते उजेडाकडे धरून एकदा पाहिलं आणि भाचीच्या हातात दिलं.

“घे, लवकर कर,” ते म्हणाले. “वितळल्यावर फार वेळ राहत नाही.”